अक्षरं निळी होतात का बघा

त्रिवेणी डीटीपी, कोठी
हैदराबाद, ३ जून २०२५

चि. माधवीस,

आशीर्वाद. वडीलधाऱ्याने द्यायचे असतात म्हणून दिले. मनापासूनचे शोधू नकोस, सापडणार नाहीत.

तुझा पत्ता इंदुताईकडून घेतला. फोन नंबरही ती देत होती, मीच घेतला नाही. फोन तू मध्येच ठेवून देशील. पत्र फाडलंस तरी त्याआधी दोन ओळी वाचशीलच.

माझी त्रिवेणी, तुझी सख्खी चुलत बहीण, बी. फार्म. झाली. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याची जागा तुमच्या कंपनीत निघाली होती. काल सोमवारी सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी तिने अर्ज टाकला. अकरा वाजून सहा मिनिटांनी नकार आला. चार मिनिटं. आमच्या कोठीत सांगितलेला चहा यायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. चार मिनिटांत कुणी दोन पानं वाचत नाही. चार मिनिटांत माणूस आडनाव वाचतो आणि ओळखतो.

माणसं निवडायच्या खात्यात तू मोठ्या खुर्चीवर आहेस, हे इंदुताई सगळ्या गोतावळ्यात सांगत फिरते. तेव्हा आडनाव कुणी ओळखलं हे मला विचारायला नको. नऊ वर्षांपूर्वीचा राग माझ्यावर काढायचा होतास. दुकान आहे तिथेच आहे. पोरीवर कशाला काढलास?

अकरा महिन्यांत तिने त्रेचाळीस अर्ज केले. एका ठिकाणाहून बोलावणं नाही. फार्माकॉलॉजीत कॉलेजात पहिली आलेली मुलगी आता एका मेडिकलच्या काउंटरवर गोळ्यांची पाकिटं देते. परवा जेवताना म्हणाली, "पप्पा, नक्को आता अर्ज. मला काही येतच नाही, असंच असंल. कॉलेजवाल्यांनी उगं मार्क दिले." आणि ताट सरकवून उठली. बाकीच्या बेचाळीस ठिकाणी तू नव्हतीस हे मला कळतं. पण त्रेचाळिसाव्या ठिकाणी होतीस.

तिचा रेझ्युमे मी स्वतः केला आहे. तीन दिवस बसून. चांगल्या कागदावर प्रिंट काढून सोबत जोडतो. यात काय कमी आहे ते लिहून कळव.

दत्तोबाकाका
(अजून काकाच आहे. तुझ्या वडिलांनी काहीही ठरवलेलं असो.)


मणिकोंडा, ९ जून २०२५

ती. काकांना,

नमस्कार. तोही मनापासूनचा शोधू नका.

आधी एक सूचना. पाकिटावर दुकानाचा शिक्का मारत जाऊ नका. आई गेल्यापासून आप्पा माझ्याकडे असतात आणि पोस्टमनकडून टपाल तेच घेतात. या वेळी थोडक्यात निभावलं. या घरात तुमचं नाव निघत नाही. आणि शाळा सुटल्यापासून इतकं मराठी मी पहिल्यांदाच लिहिते आहे. चुका लाल शाईने काढून परत पाठवू नका.

तुमचं आडनाव कुणी वाचलं नाही. कुणी काहीच वाचलं नाही. एकेका जागेला दोन-अडीच हजार अर्ज येतात. ते आधी सॉफ्टवेअर वाचतं. नाव, शिक्षण, अनुभव वेगळं काढतं, जागेला काय हवं त्याच्याशी ताडून पाहतं आणि गुण देतं. वरचे साठ आमच्या टेबलावर येतात. तुमच्या मुलीला शून्य मिळालं. नावाच्या जागी काही नाही, शिक्षणाच्या जागी काही नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तिने कोरा कागद पाठवला. दोष माझ्या रागाचा नाही, तुमच्या फाईलचा आहे.

प्रिंट पाहिली. भोवती वेलबुट्टीची चौकट, कोपऱ्यात फोटो, दोन रंगांचे रकाने. हा नोकरीचा अर्ज आहे की लग्नाची पत्रिका?

माझ्यावर विश्वास नसेल तर एवढं करा. ती पीडीएफ उघडा आणि तिच्या नावावरून माऊस ओढा. अक्षरं निळी होतात का बघा. झाली तर मी खोटी. नाही झाली तर साधी वर्ड फाईल करा. एक रकाना, काळी अक्षरं, फोटो नाही, चौकट नाही. अर्जाच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही वाचलं नसणार. तुम्हाला लोकांनी तुमचं वाचलेलं आवडतं.

तुमच्या हातच्या फाईलमुळे मुलीचं काय होतं, हे मला नव्याने कळलेलं नाही. २०१६ मध्ये एका मुलीचं झालेलं आहे.

माधवी


कोठी, १३ जून २०२५

माधवी,

वर्ड. हा शब्द तू मला लिहितेस. आणि २०१६ चं नावही तूच काढतेस.

मग ऐक. त्या वर्षी मे महिन्यात तुझ्या लग्नाचा बायोडाटा मी केला. तुझा बाप, आमचा दादा, म्हणाला, "दत्तू, वर्डमध्येच दे, मेल करायला बरं पडतं." मी दिला. त्यात मी टाइप केलं होतं, 'नोकरीबाबत सासरच्यांची इच्छा मान्य.' दादाने सांगितलं तसंच, काना-मात्रा इकडची तिकडे नाही. लातूरच्या पाहुण्यांच्या हाती पडला तेव्हा त्या जागी छापलेलं होतं, 'लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. हे मान्य असेल तरच यावे.' ते आले नाहीत. ठरत आलेलं मोडलं. इंदुताईच्या घरी, वीस माणसांत, दादाने तो कागद माझ्या तोंडावर फेकला. म्हणाला, "दुकान चालवतोस की लोकांचे संसार मोडतोस?" मी म्हणालो, ही ओळ माझी नाही. कुणी ऐकलं? तू दाराशी उभी होतीस. तू ऐकलंस?

त्या दिवसापासून माझ्या दुकानातून एकही फाईल उघडी बाहेर पडलेली नाही. छापखान्याला काम देताना आम्ही अक्षरांचे कर्व्ह करतो. म्हणजे अक्षर अक्षर राहत नाही, त्याचं चित्र होतं. मग समोरच्याकडे फॉन्ट असो नसो, दिसायचं तसंच दिसतं आणि कुणाच्या बापाला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. आधी हे फक्त पत्रिका आणि बॅनरला करायचो. २०१६ पासून सगळ्याला करतो. बायोडाटा, रेझ्युमे, भाडेपट्टा, सगळ्याला. नऊ वर्षांत एक तक्रार आलेली नाही.

आणि त्या चौकटीला हसू नकोस. पोरं लांबून येतात त्या चौकटीसाठी. "अंकल, वो बेलबूटेवाला डालो, एकदम ऑफिसर का लगता," म्हणतात. ती वेल मी हाताने काढलेली आहे, बाजारातून उचललेली नाही.

माऊस ओढून बघायला मला सवड नाही. माझं काम मला माहीत आहे. तुमच्या सॉफ्टवेअरला दिसत नसेल तर त्याला चष्मा लावा. नाहीतर तू वाच. फाईल उघड, दोन पानं आहेत, पाच मिनिटं लागतील. माझ्यासाठी नको. पोर सरळ बसत नाही हल्ली, मान खाली घालून फिरते, तिच्यासाठी वाच.

दत्तोबा


मणिकोंडा, १८ जून २०२५

काका,

चष्म्याचा उपयोग नाही, कारण त्याला डोळेच नाहीत. सॉफ्टवेअर पानाकडे बघत नाही. फाईलच्या आत अक्षरं अक्षरं म्हणून साठवलेली असतात, ती उचलतं. तुम्ही त्यांची चित्रं केलीत. उचलायला आत काही ठेवलंच नाहीत. आमच्या आयटीतल्या बाईंनी फाईल तपासली आणि मला विचारलं, "मॅडम, ये फोटो खींच के भेजे क्या?"

मी उघडून वाचणार नाही. नातेवाइकाच्या अर्जाला हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे आणि त्याखाली माझी सही आहे. तुमच्यासाठी नोकरी घालवणार नाही. ही नोकरी मला फार महागात पडलेली आहे.

आता तुमच्या तक्रारीबद्दल. नऊ वर्षांत एक आली नाही म्हणता. ज्याला नकार येतो तो डीटीपीवाल्याकडे तक्रार करत नाही, स्वतःला बोल लावतो. सॉफ्टवेअरला वाचता न आलेल्या फाईली आमच्याकडे एका जागी साठतात. मी त्या उघडत बसले. शोधायला नाव नव्हतं, म्हणून एकेक उघडावी लागली. तीच वेलबुट्टी आणि तळाला बारीक अक्षरांत 'त्रिवेणी डीटीपी, कोठी'. एकसष्ट मुलंमुली. एकट्या आमच्या कंपनीत एकसष्ट. त्यांच्याही घरी ताटं सरकवली गेली असतील. ऑफिसर दिसतात म्हणे.

आणि लिहायला बसलेच आहे तर पूर्ण लिहिते. ती चौकट मला या महिन्यात पहिल्यांदा दिसली असं नाही. दोन वर्षांपूर्वी दिसली होती. ओळखली आणि फाईल बंद केली. तुमच्या दुकानाचा कारभार तुम्हाला कळवणं माझं काम नव्हतं.

ज्यांची फाईल वाचताच आली नाही त्यांना पुन्हा अर्ज करता येतो. तीस जून, संध्याकाळी पाचपर्यंत. त्यानंतर ही जागा बंद होईल. पुढचं तुम्ही आणि तुमचा कर्व्ह बघून घ्या.

माधवी


कोठी, २५ जून २०२५

माधवी,

चार दिवस माऊसला हात लावला नाही. काल लावला. त्रिवेणीच्या नावावरून ओढला. काही निळं झालं नाही. पुन्हा ओढला. मग २०१६ पासूनच्या फाईली एकेक करून उघडल्या. गौतमची, रेणूची, धम्मानंदची. दुपारी शटर अर्धं ओढलं आणि संध्याकाळपर्यंत तेच करत बसलो. एक अक्षर निळं झालं नाही.

हा धम्मानंद एम. एस्सी. आहे. दोन वर्षं हिंडला आणि आता टॅक्सी चालवतो. दुकानावरून जाताना हात करतो. म्हणतो, "अंकल, तुमचा रेझ्युमे एक नंबर होता, माझंच नशीब खोटं."

मी अडाणी ठरलो. लिहून देतो. मला वाटत होतं यंत्र आपल्यासारखं बघतं आणि बघणाऱ्याला चांगलं दिसलं पाहिजे. पण मी जे केलं ते नकळत केलं. तू दोन वर्षं सगळं कळून गप्प बसलीस. 'काका, फाईल वाचता येत नाही.' पाच शब्द होते. एका पोस्टकार्डावर मावले असते आणि वर पत्ता लिहायलाही जागा उरली असती. ज्या दिवशी तू ती फाईल बंद केलीस त्यानंतर किती पोरं माझ्या काउंटरवर आली असतील याचा विचार कर.

त्रिवेणीला अजून सांगितलेलं नाही. काय सांगू? की बाई, तुला त्रेचाळीस वेळा नापास करणारा तुझा बाप आहे?

का लिहिलं नाहीस, एवढ्याचं उत्तर दे. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

दत्तोबा


मणिकोंडा, २८ जून २०२५

काका,

ते पोस्टकार्ड लिहायला बसले असते तर त्याआधी दुसरं एक लिहावं लागलं असतं, म्हणून लिहिलं नाही. आता तेच लिहिते.

बायोडाट्यातली ती ओळ मी बदलली होती.

मेल करायचं काम आप्पांनी माझ्याकडेच दिलं होतं. पाठवायच्या आधी फाईल उघडली. नोकरीला लागून मला सहा महिने झाले होते. आणि माझ्याच बायोडाट्यात मी ती सोडायला तयार होते. मला कुणी विचारलं नव्हतं. आप्पांनी नाही आणि तुम्हीही नाही. जिच्याबद्दल लिहिताय ती मुलगी दोन गल्ल्यांपलीकडे राहते, तिला एक फोन करून 'माधवी, हे असंच लिहायचं ना?' असं विचारावं, हे टाइप करताना तुमच्या मनात आलं नाही. त्याचा राग मला तेव्हाही होता आणि आजही आहे. मी तुमची ओळ पुसली आणि माझी लिहिली.

वाटलं होतं, पाहुणे नाही म्हणतील आणि विषय संपेल. ते कागद घेऊन आप्पांना गाठतील हे सुचलं नाही. इंदुआत्याच्या दाराशी मी उभी होते, हे खरं आहे. तुम्ही 'ही ओळ माझी नाही' म्हणालात तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं. मी भ्याले. दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त अवघड झालं, महिन्याने आणखी. मग मी तुमचाच राग करायला लागले. ते सोपं होतं. हर्षदशी लग्न झालं तेव्हा तुम्हाला बोलावलं नाही तेही त्यामुळेच. तुम्ही समोर बसलेले असताना मला अक्षता टाकून घेता आल्या नसत्या. आणि ती चौकट दिसली की मला तो फेकलेला कागद दिसायचा.

फाईली तुम्ही माझ्यामुळे बंद करायला लागलात, हे मात्र तुमचं तेरा तारखेचं पत्र येईपर्यंत माहीत नव्हतं. त्या एकसष्टांना 'फाईल वाचता आली नाही, पुन्हा पाठवा' असा मेल जावा म्हणून मी वर लेखी दिलं आहे. जाईल की नाही सांगता येत नाही.

माफी मागत नाही. मागून मला बरं वाटेल, आणि ते मला चालणार नाही.

माधवी


कोठी, ५ जुलै २०२५

माधवी,

ती ओळ तुझी होती हे मला नऊ वर्षांपासून माहीत आहे.

दादाने फेकलेला कागद मी उचलून घरी आणला होता. सगळा मजकूर माझ्या टाइपात आणि ती एकच ओळ वेगळ्या. माझं मराठी सॉफ्टवेअर नसलेल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी ती बसवली होती. इतकी वर्षं टाइप बघतो आहे, मला तेवढं कळतं. दादाला तर तेव्हा कॉम्प्युटर चालूही करता येत नव्हता. मग राहिलं कोण?

तो कागद दाखवला असता तर माझं नाव त्याच दिवशी धुतलं गेलं असतं. तुझी नोकरी दुसऱ्या दिवशी सुटली असती आणि महिन्याभरात तुला लातूरला नाहीतर नांदेडला उजवून टाकलं असतं. दादाला मी ओळखतो. म्हणून गप्प बसलो. याला मोठेपणा म्हणू नकोस. मला वाटलं, पोरगी उद्या येऊन सांगेल. मग वाटलं, परवा सांगेल. दुकानात बसून वाट पाहिली आणि दर दिवशी तुझा राग जास्त केला. फाईली बंद केल्या त्या कुणाच्या भीतीने नाही, त्या रागाने. त्या रागात धम्मानंद भरडला गेला आणि माझी पोरगीही.

तुला फोन करून विचारलं नाही, हे तू बरोबर लिहिलंस. दादाने सांगितलं, मी टाइप केलं. तुला विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. त्याआधी रविवारीच मी त्रिवेणीला दुकानात बोलावून स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. चार वाक्यं लागली. वाटलं, रडेल, ओरडेल. तिने माझ्या हातातला माऊस घेतला, आपल्या नावावरून ओढला आणि म्हणाली, "म्हणजे मला येत होतं?"

माधवी, हे ऐकायची वेळ कुणा बापावर येऊ नये.

वर्ड फाईल तिने स्वतः केली, मला कीबोर्डला हात लावू दिला नाही. एक रकाना, काळी अक्षरं, रद्दीच्या पावतीसारखी दिसते. तीस तारखेला दुपारी ती तुमच्याकडे टाकली आणि जुन्यांपैकी पाच ठिकाणी. बुधवारी एका ठिकाणाहून फोन आला, काल तुमच्याकडून. दहा तारखेला मुलाखत आहे. अकरा महिने माझ्यामुळे गेले, आणि तिच्या कामाला पाच दिवस पुरले.

दुकानाच्या दारावर कागद लावला आहे. '२०१६ पासून इथून रेझ्युमे नेलेल्यांनी पुन्हा यावे. चूक दुकानाची आहे.' धम्मानंद काल येऊन गेला. मी सांगत होतो तेव्हा त्याने टॅक्सीची किल्ली बोटात फिरवायची थांबवली. जाताना हातही केला नाही.

मी माझ्या मुलीला सांगितलं. आता तू तुझ्या वडिलांना सांग. मला माफी नको, तुझी नको आणि त्याचीही नको. पण दादा एक्काहत्तरचा झाला. दर महिन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोठीत येतो, आणि माझं दुकान लागायच्या आधी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातो. त्या गाड्यांमधून त्याला धड ओलांडता येत नाही. मध्येच थांबतो, हात वर करतो, डावी-उजवी त्याला दिसत नाही. मी काउंटरवरून बघतो. तो पलीकडे पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो, आणि हाक मारायची सोय नाही.

त्याचं ते रस्ता ओलांडणं बंद झालं पाहिजे. एवढं तू करायचं आहेस.

दत्तोबाकाका


मणिकोंडा, १३ जुलै २०२५, रविवार

ती. काकांना,

नमस्कार. या वेळी शोधलात तर सापडेल.

त्रिवेणीची मुलाखत झाली. मी त्या खोलीत नव्हते, निकाल मला माहीत नाही आणि कळला तरी आधी तुम्हाला सांगणार नाही. तो तिला कळेल. आपलं दोघांचं सगळं मिटलं असंही समजू नका. तुम्ही मला विचारलं नव्हतं, ते तसंच आहे.

आज सकाळी आप्पांना सांगितलं. मला सहा वाक्यं लागली, तुमच्यापेक्षा दोन जास्त. त्यांनी तोंडापुढचा पेपर खाली घेतला नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगावं म्हणून तोंड उघडलं तेवढ्यात पेपरमागून म्हणाले, "दत्तूचं दुकान ऐतवारी उघडं असतंय का?" मी म्हटलं, असतं. म्हणाले, "मग आटो बोलव."

मी गाडीने सोडते म्हटलं तर मान हलवून नको म्हणाले. त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत आणि बरेच दिवस बोलतील असं वाटत नाही. ते माझं मी बघेन.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवलं आहे. ऑटोवाल्याला बजावून सांगितलंय की दुकानाच्याच बाजूला, अगदी पायरीशी उतरव. रस्ता ओलांडायला लावू नकोस.

आधी त्यांना खुर्ची द्या. पत्र मग वाचा.

माधवी